कासव बघायला जावं की न जावं? (अंदमान, फेब्रुवारी)

पौडफाटा | ९ जानेवारी, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही अंदमानला चाललो आहोत. मी, नवरा, साडेपाच वर्षांचे चिरंजीव आणि सासूबाई. सासूबाईंना सेल्युलर जेलमध्ये तात्याराव सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडायचेत, हे त्यांचं फार जुनं मागणं. ते झालं की आमच्याकडे पाच-सहा दिवस उरतात. सगळे जातात त्या हॅवलॉक-नीलला (आता स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप) न जाता उत्तरेला डिगलीपूरपर्यंत जायचं ठरवलंय. कारण एकच. तिथल्या कालीपूरच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालायला येतात.

परवा एक रील बघितलं. अंडी घालणाऱ्या कासवाभोवती पंधरा-वीस माणसं कोंडाळं करून उभी, प्रत्येकाच्या हातात मोबाइलचा टॉर्च, आणि एक बाई पोराला चक्क कासवाच्या पाठीवर बसवू पाहतेय. पोटात ढवळलं. मग वाटलं, मी तरी वेगळं काय करणार आहे? त्याच कोंडाळ्यात आणखी चार डोकी.

तर विचारायचं असं की, जावं का? गेलो तर काय पाळायचं? आणि साडेपाच वर्षांच्या मुलाला रात्री किनाऱ्यावर नेणं शहाणपणाचं आहे का?

चहाबाज | रात्री ११:०५

कोकणात वेळासला जा की. पुण्याहून दोनशे किलोमीटर. कासव तेच, वर उकडीचे मोदक.

खवचट_खारूताई | रात्री ११:१९

चहाबाज, तुम्हाला कुठल्याही धाग्यावर मोदक कसे सापडतात?

पौडफाटा, त्या रीलमधल्या बाईंना माझ्यातर्फे एक इनो.

सदाशिव_बिनपेठ | १० जानेवारी, सकाळी ६:४८

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. जाऊ नका. प्रश्न विचारतानाच उत्तर तुम्ही दिलेलं आहे. बाळंतिणीच्या खोलीत तिकीट काढून माणसं सोडतात का? मग इथे का? "आम्ही जबाबदारीने बघू" असं प्रत्येक जण म्हणतो. असे जबाबदार लोक रोज रात्री वीस आले, तर कासवाच्या दृष्टीने ती वीस माणसंच.

पुळणवाट | सकाळी ९:३०

मी मूळची कोकणातली, आंजर्ल्याकडची, आता पुण्यात वारज्याला. त्यामुळे जरा लांब लिहिते.

बिनपेठ काका, बाळंतिणीचं उदाहरण पटतं, पण अर्धंच. आमच्या लहानपणी पुळणीवर कासवाचा माग दिसला की माणसं काठी खुपसत अंडी शोधायची. उरली तर कोल्हे आणि कुत्रे. पिल्लू समुद्रात जाताना मी दहावीपर्यंत एकदाही बघितलं नव्हतं. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला काम सुरू केलं, मग २००६ पासून कासव महोत्सव आला, गावातल्या घरांमध्ये पाहुणे राहू लागले. जी पोरं अंडी काढायची त्याच घरांतली पोरं आज पहाटे माग शोधत किनारा चालतात. बघायला कुणी येत नसतं तर हे इतकी वर्षं टिकलं नसतं, असं माझं मत.

पण वेळासला तुम्ही बघता ती हॅचरीतून सोडलेली पिल्लं. अंडी उचलून कुंपणात, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवलेली असतात, वर टोपली पालथी घातलेली. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून बघतात, पिल्लं वर आली असतील तर दोरीच्या पलीकडून तुम्ही बघायचं. इथे माणसाने करायची चूक दोरीमुळे कमी होते. कालीपूरला तुम्ही मादी बघायला जाणार, आणि मादीचं गणित फार नाजूक असतं.

ती पाण्यातून बाहेर येताना आणि मागच्या वल्ह्यांनी (वल्ह्यासारखे पाय) खड्डा काढताना सगळ्यात बिचकते. त्या वेळी उजेड दिसला, हालचाल दिसली, कुणी समोर आलं, की सरळ माघारी. अंडी पडायला लागली की मात्र तिला आजूबाजूचं फारसं भान उरत नाही. म्हणून जवळ जायचं ते तेव्हाच, तेही मागच्या बाजूने, वनखात्याच्या माणसाने खूण केल्यावर, आणि खाली वाकून. तोवर सुरूच्या झाडांपाशी अंधारात गप बसायचं. तिच्या आणि समुद्राच्या मध्ये कधीच उभं राहायचं नाही. फोटो नाही. फ्लॅश तर नाहीच नाही.

चहाबाज | सकाळी ९:४१

गप बसायचं? पुण्याची माणसं?

जुनाट_लेन्स | सकाळी १०:१५

टॉर्चबद्दल. पांढरा, निळा उजेड सगळ्यात वाईट. लाल उजेड कासवांना कमी जाणवतो, म्हणून लाल टॉर्च चालवतात. विकत घ्यायची गरज नाही. आकाशकंदिलाला लावतो तो लाल जिलेटिन पेपर आणा, तीन-चार घड्या करून टॉर्चच्या तोंडाला रबरबँडने बांधा. बोहरी आळीत दहा-वीस रुपयांत काम होतं. पण लाल आहे म्हणून कासवाच्या तोंडावर मारायचा असं नाही. आपल्या पायापुरता, जमिनीकडे.

खवचट_खारूताई | सकाळी १०:२२

बोहरी आळीत पार्किंग मिळेपर्यंत कासवाची पिल्लं मोठी होऊन अंडी घालायला परत येतील.

ओलं_वाळकं | दुपारी १:१०

मी २०१९ च्या जानेवारीत कालीपूरला गेलो होतो, त्यामुळे प्रत्यक्षातलं सांगतो.

पहिली गोष्ट, तिथे अंधार लवकर पडतो. घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला आहेत की हिवाळ्यात पाच-साडेपाचला सूर्य गेलेला असतो. दुसरी गोष्ट, पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजय पुरम) डिगलीपूर म्हणजे रस्त्याने अख्खा दिवस. मध्ये जारवा लोकांचं राखीव जंगल लागतं, तिथून गाड्या ताफ्यानेच सोडतात. तिथे थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, काही खायला द्यायचं नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करा.

वनखात्याच्या माणसाबरोबर आम्ही पाच जण होतो. नऊला बसलो. साडेअकरापर्यंत काही नाही. वाळूतल्या माश्या मात्र जीव खातात, पायजमा मोज्यात खोचा. पावणेबाराच्या सुमारास त्याने हात वर केला. मला काही दिसेना, आधी आवाज आला. दमलेल्या माणसाने उसासा टाकावा तसा. मग ओल्या वाळूवर एक काळं काही तरी सरकताना दिसलं. ऑलिव्ह रिडले होती, म्हणजे सगळ्यात लहान जातींपैकी, तरी दोन-सव्वादोन फूट लांब आणि चाळीसेक किलोची असेल. त्याच्या खुणेनंतर मागून गेलो. मागचं एक वल्हं आत जातं, ओंजळीएवढी वाळू उचलून बाजूला ठेवतं, मग दुसरं. डोळ्याने न बघता, इतकं नेटकं. अंडी टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, ओलसर, दोन-दोन तीन-तीन पडत होती. शंभरच्या वर भरली. शेवटी खड्डा बुजवून ती सगळं अंग डावी-उजवीकडे आपटून वाळू चोपते. तो धप धप आवाज अजून कानात आहे. जाताना तिने उडवलेली वाळू माझ्या चष्म्यावर आली.

सगळं मिळून तासाभराच्या आत. माझ्याकडे त्याचा एकही फोटो नाही.

मिसळ_कमी_तिखट | दुपारी १:३४

शेवटचं वाक्य वाचून थांबले. प्रतिसाद आवडला.

ती रडते म्हणतात ना अंडी घालताना? माझी आजी सांगायची, लेकरांना सोडून जावं लागतं म्हणून रडते.

अर्धवट_प्राध्यापक | दुपारी ३:०२

मिसळ, आजीची गोष्ट सुंदर आहे, पण ते मीठ आहे. समुद्राचं पाणी पोटात जातं, जादाचं मीठ बाहेर टाकायला डोळ्यांपाशी ग्रंथी असतात. पाण्यातही त्या चालूच असतात, अश्रू दिसतात फक्त किनाऱ्यावर.

धाग्यात उजेडाचं आलंय त्यात एक भर. पिल्लं बहुतेक रात्री वर येतात आणि जिकडे क्षितिज उजळ तिकडे धावतात. लाखो वर्षं उजळ बाजू म्हणजे समुद्रच होता. आता मागे हॉटेलचा दिवा असला की ती उलटी हॉटेलकडे चालतात, आणि उजाडलं की कावळे किंवा ऊन त्यांचा निकाल लावतं. तेव्हा पौडफाटा, टॉर्च ही तासाभराची गोष्ट झाली. तुमच्या खोलीच्या गॅलरीतला दिवा रात्रभर असतो. समुद्राकडचा दिवा बंद, पडदा ओढलेला, हे आधी.

आणि वाळूचे किल्ले. दुपारी मुलाने खड्डे खणले तर संध्याकाळी बुजवून या. मुठीएवढ्या पिल्लाला तो खड्डा म्हणजे विहीर.

सदाशिव_बिनपेठ | दुपारी ४:२०

थोडक्यात, न दिसणारा टॉर्च, न बोलणारे पुणेकर, न खणणारं पोर. घरी बसा म्हणतो तो मी वेडा.

डांबरट | रात्री ८:४५

तुम्ही टॉर्चचं काय घेऊन बसलाय? ग्रेट निकोबारच्या गॅलेथिया खाडीत लेदरबॅक कासवं अंडी घालतात. जगातलं सगळ्यात मोठं कासव, पाठीवर कवचाऐवजी चामड्यासारखी कातडी, वजन काही क्विंटलांत. त्या खाडीचं अभयारण्य २०२१ मध्ये यादीतून काढलं, का तर तिथे बंदर व्हायचंय. आणि आपण जिलेटिन पेपरच्या घड्या मोजतोय.

पुळणवाट | रात्री ९:१२

डांबरट, मुद्दा खरा आहे. पण बंदर माझ्या हातात नाही, टॉर्च आहे. दोन्हींबद्दल बोलता येतं.

संपादक मंडळ | रात्री ९:५०

बंदराची चर्चा स्वतंत्र धाग्यावर करावी. इथे पौडफाटा यांच्या प्रश्नाला धरून लिहावे.

डांबरट | रात्री ९:५३

वाटलंच.

बांगडा_फ्राय | ११ जानेवारी, सकाळी ७:३०

अवांतर आहे, पण राहवत नाही. कासव फुप्फुसाने श्वास घेतं, मासा नव्हे. बोटीमागे ओढतात त्या ट्रॉलच्या जाळ्यात अडकलं आणि वर येता आलं नाही तर बुडून मरतं. किनाऱ्यावर वाहून येणाऱ्या मेलेल्या कासवांतली बरीचशी अशीच गेलेली. यावर उपाय आहे: जाळ्यात बसवायची गजांची चौकट आणि तिथे झडप, कोळंबी मागे जाते आणि कासव झडपेतून सुटतं. ती बसवत नाहीत म्हणून अमेरिकेने २०१९ पासून भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं. आपण मात्र मासळी घेताना फक्त ताजी आहे का एवढंच विचारतो. मीही.

चहाबाज | सकाळी ७:५१

फ्राय साहेब, आयडी बदला आधी.

गाडीवाला_नव्हे | सकाळी ११:००

कोकणातलीच गोष्ट, मागच्या मार्चमधली. गाव सांगत नाही. पहाटे हॅचरीपाशी पोचलो तर वाळूवर एमएच-१२ ची मोठी गाडी, गोल गोल चकरा. आत चार तरुण, वर ड्रोन. तिथल्या मुलाने हात जोडून सांगितलं की वाळू दबते, खाली घरटं असलं तर पिल्लांना वर येता येत नाही, चाकोरीत पडलं तर बाहेर पडता येत नाही. त्यावर उत्तर काय, "भाऊ, घरटं असेल तिथे बोर्ड लावा ना." कासवाने बोर्ड लावावा!

त्याच दिवशी एक काकू मुलाला... म्हणजे तिथल्या मुलाला, ओरडत होत्या. दोन दिवस राहिलो, एक पिल्लू नाही, निम्मे पैसे परत करा. तो म्हणाला, "काकू, ती आमचं ऐकत नाहीत."

मिसळ_कमी_तिखट | सकाळी ११:१४

"ती आमचं ऐकत नाहीत" हे मी स्वयंपाकघरात लावणार आहे.

अर्धवट_प्राध्यापक | दुपारी १२:३०

पिल्लं कधी येणार हे वाळूच्या तापमानावर असतं, साधारण ४५ ते ६० दिवस. नर की मादी हेही तापमानच ठरवतं. थंड वाळूत नर जास्त, उबदार वाळूत माद्या जास्त, आणि वाळू फारच तापली तर आतच संपतात.

आणि मोठी झाल्यावर कुठे जातील याचा तर नेमच नाही. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक ऑलिव्ह रिडले २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरची पश्चिम किनाऱ्यावर. तोवर दोन्हींकडची मंडळी वेगवेगळी असं धरून चालायचो.

पौडफाटा | १२ जानेवारी, रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार, बिनपेठ काकांचेही. नवऱ्याला धागा वाचून दाखवला. ठरलं असं: जायचं, पण फक्त वनखात्याच्या माणसाबरोबर, आणि तो नाही म्हणाला तर नाही. जिलेटिन पेपर घेतला (पार्किंग शनिवारवाड्यापाशी, खारूताई). समुद्राकडचा दिवा नसलेली मागची खोली मागितलीय, स्वस्त पडली. मुलाचं अजून ठरत नाही. सासूबाई विचारताहेत, घडीची खुर्ची नेली तर चालेल का?

ओलं_वाळकं | १३ जानेवारी, सकाळी ८:०४

खुर्ची झाडांच्या रेषेच्या मागे चालेल, पुढे नको. आणि उठताना घरी घेऊन या. उघड्या वाळूवर रात्रभर राहिलेली खुर्ची मादीच्या वाटेत येते.

मुलाला न्या. दहा मिनिटांत झोपेल.

खवचट_खारूताई | सकाळी ८:३०

येताना शंख-प्रवाळ आणू नका, विमानतळावर बॅग उघडतात. बारश्याला, मुंजीला वाटायच्या भेटी इथेच घ्या.

पौडफाटा | २४ फेब्रुवारी, रात्री १०:१५

धागा वर काढतेय. परवा परत आलो.

सेल्युलर जेलवर वेगळं लिहीन. सासूबाई कोठडीत अर्धा तास नुसत्या बसून होत्या.

कालीपूर. पहिल्या रात्री वनखात्याचे एक गृहस्थ आणि आम्ही धरून सात पर्यटक. त्यांनी मोबाइल पिशवीत ठेवायला सांगितले. माझं घड्याळ मनगट हललं की उजळतं, तेही काढलं. लाल टॉर्च बघून ते खूश झाले. मी मनात तुम्हा सगळ्यांना शाबासकी देत होते. झाडांतून वाळूवर पाऊल टाकलं आणि ते थबकले. "ये क्या है?"

चिरंजीवांचे बूट. चालताना टाचेत लाल-निळे दिवे लुकलुकतात ते. दिवाळीत घेतलेले. दिवसा ते दिवे दिसतही नाहीत, आमच्या डोक्यातच आलं नाही. त्या काळोखात प्रत्येक पावलाला पोलिसांची गाडी चालल्यासारखं. तुमच्या सगळ्यांच्या यादीत खिडकी होती, पडदा होता, खड्डा होता, बूट नव्हते.

काढायला लावले. त्याने भोकाड पसरलं, म्हणजे आवाजाचाही नियम मोडला. सासूबाईंनी बूट शालीत गुंडाळून मांडीखाली घेतले आणि त्याला कानात काय सांगितलं माहीत नाही, तो गप झाला आणि, ओलं_वाळकं, दहा मिनिटांत झोपला.

अडीच तास बसलो. कासव नाही. मला वाटलं होतं कंटाळा येईल. नाही आला. इतका अंधार मी पुण्यात कधी बघितलेला नाही.

सकाळी उजाडताच त्याच किनाऱ्यावर गेलो तर आम्ही बसलो होतो तिथून शे-दीडशे पावलांवर माग होता. पाण्यातून वर आलेला, ट्रॅक्टरच्या चाकासारखा, मग एक वळसा आणि सरळ परत पाण्यात. घरटं नाही. ती आली होती आणि न घालता गेली. मी त्या गृहस्थांना विचारलं, आमच्यामुळे? ते म्हणाले, होतं असं. वाळू पटत नाही, मूळ लागतं, काहीही. एक-दोन रात्रींत परत येते. माझं समाधान करत होते की खरं सांगत होते, कळलं नाही.

दुसऱ्या रात्री आम्ही गेलो नाही. मीच नको म्हटलं. त्याऐवजी संध्याकाळी हॅचरीतून पिल्लं सोडली ती दोरीमागून बघितली. वाळूवर ठेवली आणि आपापली चालत गेली. एकाने उलटी वाट धरली, तेव्हा सगळे "अरे अरे" ओरडले, पण कुणी हात लावला नाही. ते आपणच वळलं.

सदाशिव_बिनपेठ | रात्री १०:४०

दुसऱ्या रात्री गेला नाहीत हे वाचलं. माझा पहिला प्रतिसाद जरा कडक होता.

अर्धवट_प्राध्यापक | रात्री ११:०२

असा अर्धा माग सगळीकडे सापडतो, जिथे माणूस फिरकत नाही तिथेही. शे-दीडशे पावलांवरचे, तेही काही क्षण चमकलेले बूट कारण असतील असं मला वाटत नाही. नसतीलच, हेही कुणी सांगू शकणार नाही.

पुळणवाट | रात्री ११:१०

आमच्याकडे सूचनांच्या फलकावर टॉर्च, मोबाइल, कुत्रा, गाडी सगळं आहे. मुलांचे बूट नाहीत. उद्या गावात फोन करून सांगते.

चहाबाज | रात्री ११:१५

सासूबाईंनी कानात काय सांगितलं ते विचारा ना.

पौडफाटा | २५ फेब्रुवारी, सकाळी ९:०५

विचारलं. म्हणे, "कासवाची आई घाबरेल" हे सांगून काही होईना, म्हणून सांगितलं की बूट झोपलेत.

आता एक तांत्रिक प्रश्न. त्या बुटांचे दिवे बंद करता येतात का?

जुनाट_लेन्स | सकाळी ९:२२

टाचेत सीलबंद सेल असतो. उघडायला गेलात तर बूट जाईल. काळी इन्सुलेशन टेप लावा, इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळते.

पौडफाटा | सकाळी ९:४०

लावली. तो आता ते बूट घालायला तयार नाही. चप्पल घालून शाळेत गेलाय.